बत्तीस वर्षांची वाट कादंबरीत कशी मावते?

इंदूरच्या हुकुमचंद कापडमिलवर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ऐकलेलं, टिपलेलं पुष्कळ होतं. अडचण एकच, पण मुळावर येणारी: घडत काहीच नव्हतं. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि कामगार थकलेल्या पैशांची वाट बघत राहिले. तारीख, बैठक, पुन्हा तारीख. असलं कोण वाचणार?

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे लिहिणं पहाटेचं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. त्या दिवशी आधी टाकी, मग कादंबरी. रोजचा वेळ संपतो तो कचरागाडीच्या गाण्याने. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की वाक्य अर्धं टाकून ओला-सुका डबा घेऊन पळायचं. आधी चिडचिड व्हायची. पण ते अर्धं वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहतं, दहावीची वर्गसमीकरणं चालू असतानासुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्न उरत नाही. लेखकाला म्हणे एकांत लागतो. मला एका दिवाळीच्या सुट्टीत तो भरपूर मिळाला, तेव्हा मी कपाटं आवरली.

कादंबरीची गाठ सुटली ती अनंत चतुर्दशीमुळे. त्या रात्री इंदुरात मिलच्या झाँक्या निघतात. दिव्यांनी लखलखणारे देखावे, पुढे आखाड्यांचे पट्टे फिरवणारे, रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून बसलेली घरंच्या घरं, उजाडेपर्यंत चालतं. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी जमवून झाँक्या चालू ठेवल्या. पगार नाही, पण झाँकी आहे. मग मी ठरवलं, प्रत्येक प्रकरण म्हणजे एका वर्षाची तीच रात्र. मधले बारा महिने लिहायचेच नाहीत. एका प्रकरणात दाराशी सायकल आहे, पुढच्यात नाही. सासूच्या हातात पाटल्या आहेत, मग काचेच्या बांगड्या. वाट बघण्याचं काम मधल्या कोऱ्या जागेत वाचकानेच करायचं. साळखात्याची म्हणजे विणाईच्या खात्याची, भोंग्याची, पाळ्यांची जमवलेली माहिती त्यात बरीच गळाली. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पैसे न मिळताच संपणारा शेवट लिहून झाला होता आणि २५ डिसेंबर २०२३ ला खरोखरच पैसे सुटले. कामगार चार हजार आठशेच्या आसपास, रक्कम सुमारे २२४ कोटी. शेजारीण म्हणून मी पेढे खाल्ले, कादंबरीकार म्हणून हातपाय गळाले. मग सवयीने भागाकार केला. माणशी सरासरी साडेचार लाखांच्या वर. बत्तीस वर्षांच्या महिन्यांत वाटले तर महिना बाराशेच्या घरात. शेवट बदलायला मला तेवढा आकडा पुरला. आता शेवटच्या प्रकरणात पैसे मंजूर होतात, पण घ्यायला नवरा नाही. बायको वारसाचे कागद घेऊन रांगेत उभी आहे, आणि मिलच्या हजेरीत नवऱ्याचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं.

हे प्रकरण शेजारच्या काकांना वाचून दाखवलं. साळखात्यात होते ते. अजूनही कुणाची नवी साडी दिसली की काठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळतात आणि सूत कसं आहे ते सांगतात. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सगळं बरोबर आहे ताई, पण किराणावाला कुठाय?"

"कुठला किराणावाला?"

"अहो, मिल बंद पडल्यावर उधारीवर आम्हाला जगवलं त्याने. तो नाही तर ही बाई एवढी वर्षं जिवंत कशी राहिली तुमची?"

दुकान आता मुलगा चालवतो, पण उधारीच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत म्हणे. रविवारी काका मला तिथे घेऊन जाणार आहेत. प्रकाशकांना कळवलं आहे, अजून एक प्रकरण वाढेल.