पूर्वज नसलेला केक

पुरणपोळी करायला घेतली की माझ्या ओट्याशी पाचसहा बायका येऊन उभ्या राहतात. त्यांतल्या काही हयात आहेत, काही नाहीत. एक म्हणते पुरण अजून आटव, दुसरी म्हणते जायफळाशिवाय कसली पोळी, तिसरी नुसती कणकेकडे बघून "हं" करते. आपल्या स्वयंपाकातल्या बहुतेक पदार्थांना अशी माणसं चिकटलेली असतात. मसाला काळा की गोडा, आमटीत गूळ किती, साबुदाण्याच्या खिचडीत कोथिंबीर चालते का, या सगळ्याचा निकाल घराघरांत आधीच लागलेला असतो. आपण त्या निकालाच्या किती जवळ पोचलो, एवढंच जेवणारे सांगतात.

पेरूच्या केकचं तसं नाही. त्याला आजी नाही, आत्या नाही, माहेर नाही आणि सासरही नाही. "आमच्याकडे असा नसतो" असं कोणी म्हणू शकत नाही, कारण तो कोणाकडेच नसतो. विचित्र चवींचे केक करायचं मला जे वेड आहे, त्याचं खरं कारण हेच असावं. केक बरा झाला की वाईट, हे त्या दिवशी खाणारी माणसं ठरवतात. ओट्याशी कोणी उभं नसतं.

तर पेरूचा केक. पिकलेल्या पेरूचा गर चाळणीतून गाळून घ्यायचा, कारण बी दाताखाली आली की मजा गेली. गर, दही, लोणी, मैदा, थोडा सोडा. पेरूत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला चिकटपणा, भरपूर, त्यामुळे केक जरा जड होतो पण दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. निवला की वरून तिखट आणि काळं मीठ, अगदी चिमटीने. नाशिकच्या कॉलेज रोडला गाडीवर फोड घेऊन उभं राहिल्यावर जे लागतं ते सगळं त्यात येतं. शेजारच्या काकूंनी पहिला घास घेतला, भुवया वर गेल्या, मग खाली आल्या, आणि त्या म्हणाल्या, "हे काय आहे गं?" केकच्या बाबतीत मला याहून मोठी दाद नको असते. "छान झालाय" तर लोक सौजन्याने कशालाही म्हणतात.

पेरूला विचित्र म्हणणारे लोक व्हॅनिलाला साधं म्हणतात, याची मला गंमत वाटते. व्हॅनिला ही एका ऑर्किडची शेंग, मूळची मेक्सिकोकडची. तिथून बाहेर नेलेल्या वेलींना फुलं येत, शेंगा धरत नसत. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठ्याने फुलाचं परागीकरण करायची सोपी युक्ती शोधली, तेव्हा कुठे तिची लागवड जगभर पसरली. आणि आपल्या बाटलीत असतं ते बहुधा प्रयोगशाळेतलं व्हॅनिलिन, म्हणजे त्या शेंगेच्या वासाचं रसायन, जे १८७४ पासून माणूस बनवतोय. एवढा उपद्व्याप करून आलेली चव "साधी", आणि परसातला पेरू मात्र "काहीतरीच". कोकणात काकडी आणि गूळ घालून रव्याचं धोंडस करतात, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. लेबनॉनमध्ये हळद घातलेला रव्याचा केक असतो, सफूफ. तिथे कोणी भुवया उंचावत नाही.

नाशिकमध्ये राहून पाइनॅपल केक करणं मला तर कृतघ्नपणाच वाटतो. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात एक चक्कर मारली की आठवड्याचा केक आपोआप ठरतो. जानेवारी ते मार्च-एप्रिल प्रश्नच नाही, द्राक्षं. पण केकसाठी मखरात बसवल्यासारखे घड नकोत, घडातून गळालेले सुटे मणी घ्यावेत, ते स्वस्त पडतात आणि जास्त पिकलेले असतात. द्राक्षात चार-पंचमांश पाणीच. म्हणून दूध जवळजवळ घालायचंच नाही आणि मणी अर्धे कापून कापडावर टिपून घ्यायचे. हिरव्या द्राक्षांचा केक खाऊन लोक सभ्यपणे मान हलवतात. काळ्या द्राक्षांचा केक मात्र बोलायला लावतो, कारण त्यांच्या सालीतला जांभळा रंग आंबटात गुलाबी होतो आणि सोड्याशी गाठ पडली की निळसर-हिरवा. दही कमी आणि सोडा जास्त असेल, तर प्रत्येक मण्याभोवती शेवाळी कडं उमटतं. माझ्या मुलीला तोच आवडतो. "भुताचा केक कधी करणार?" असं ती पाहुण्यांसमोर विचारते.

त्या दिवसांत अडचण असते ती लोण्याची. "लोणी बाहेर काढून ठेवा, मऊ होईल" असं सगळ्या कृतींत लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यांनी निफाडकडची थंडी पाहिलेली नाही. लोण्याचं भांडं कोमट पाण्यात धरून बसावं लागतं.

मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. त्यामुळे गुलकंदाचा केक इथे चाललाच पाहिजे अशी माझी ठाम समजूत होती. घरात सगळ्यांना त्यातून अगरबत्तीचा वास आला. मला आला नाही. मी तो एकटीने, सावकाश, सगळा संपवला.

वाईनचा विषय निघणं अटळ आहे, गावच तसं आहे. मीही एकदा चॉकलेट केकमध्ये थोडी लाल वाईन घातली, चव अप्रतिम. फक्त "ओव्हनमध्ये सगळी दारू उडून जाते" हे खरं नाही, थोडी उरतेच. ते आधी सांगितलं, तर सासूबाई खाणार नाहीत. नंतर सांगितलं, तर मी वाईट. म्हणून तो केक मैत्रिणींपुरता.

सगळ्यांत जास्त मी करते तो नागलीचा, म्हणजे नाचणीचा. पेठ-सुरगाण्याकडची नागली, घरी भाजून दळलेली. नागलीत पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन नाही, त्यामुळे नुसत्या पिठाचा केक सुटा सुटा होतो. निम्मी कणीक हवी. पीठ पाणीही फार पितं, म्हणून मिश्रण भज्यांच्या पिठाहून सैल ठेवून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचं, सोडा अगदी शेवटी. साखरेऐवजी गूळ. मग १८० अंशांवर ठेवला की काही वेळाने घरभर असा वास सुटतो की वरच्या मजल्यावरची मुलं आपोआप खाली येतात. रंग चॉकलेटचा, त्यामुळे ती फसतात आणि फसल्यावरही खातात. आईकडे ओव्हन नव्हता. ती कुकरच्या तळाशी मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून केक करायची, आणि दिवाळीच्या आधी रवा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची. नागलीचा केक त्या कुकरमध्येही उत्तम होतो, मी करून पाहिलाय.

पण या नागलीच्या केकचं आता वेगळंच सुरू झालंय. परवा मी गूळ थोडा कमी घातला, तर मुलगी म्हणाली, "नेहमीसारखा नाही झाला." जाऊबाईंनी पुण्याहून फोन केला, "आपल्याकडे यात सुंठ घालतात ना गं?" आपल्याकडे! मी सुंठ एकदाच घातली होती, घरात वेलची संपली होती म्हणून. ओट्याशी पहिलं माणूस येऊन उभं राहिलं आहे हे मला कळलं, आणि मी लगेच नवा केक शोधायला लागले.

सध्या डोक्यात कांदा आहे. गोड नव्हे, तिखट-मिठाचा केक. कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतला की गोडसर होतो, त्यात ओवा, थोडं चीज, दही आणि जाडसर कणीक. निफाड तालुक्यात सासर, लासलगावची बाजार समिती हाकेच्या अंतरावर, एवढं असून कांद्याचा केक केला नाही तर कसं? सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, कानावर घातलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "कांदा किती लागंल?"

"अर्धा किलो पुरेल, अण्णा."

"मंग आत्ता नको. आत्ता बरा भाव चाललाय. पडला म्हंजे सांग, गोणीच आणून टाकतो."