मोटर बंद, असं स्क्रीन सांगत होता

शेतपंपाचा मोबाईल स्टार्टर आणि त्याचं ॲप वापरायला कसं आहे, ते तपासून सांगायचं, असं काम होतं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत सिम कार्डवर चालणारं एक छोटं यंत्र बसवतात. घरून फोन किंवा ॲपवरून निरोप गेला की हे यंत्र कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणारा पेटीतला स्विच, ओढतं आणि मोटर सुरू होते. जुन्नर तालुक्यात ही नुसती सोय नाही. शेतीला थ्री फेज लाईट तेव्हा आलटून पालटून कधी दिवसा, तर कधी रात्री असायची. रात्रीची पाळी असली की उसातून वाट काढत विहिरीवर जायचं, आणि उसात बिबट्या. पेटीपर्यंतची ती फेरी टळावी म्हणून लोक हे यंत्र घेतात.

बनवणाऱ्यांनी ऑफिसात चाचणी आधीच घेतली होती. टेबलावर पेटी, मोटरच्या जागी एक बल्ब, खोलीत भरपूर रेंज. चाचणीला बसवलेल्या प्रत्येक माणसाने बल्ब लावून दाखवला होता. पाच माणसांत ८५ टक्के अडचणी सापडतात, या हिशेबावर त्यांची भिस्त होती. हा हिशेब नीलसन आणि लँडॉअर या, वापरायला काय सोपं जातं ते तपासणाऱ्या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडला. एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं, तर पाच माणसांत हा आकडा येतो. पण जी अडचण त्या खोलीत उद्भवतच नाही, ती पाच काय, पन्नास माणसं बसवूनही दिसणार नाही. अंतर, रात्र, कमी रेंज आणि खरं पाणी या चार गोष्टी टेबलावर नव्हत्या. म्हणून रात्रीच्या पाळीत, चालू विहिरीवर चाचणी घ्यायचा आग्रह धरला.

पाच एचपीची मोटर. पेटीजवळ वायरमन आणि आमचा एक जण. एका फेजवर क्लॅम्प मीटर अडकवलेला, म्हणजे मोटर खरोखर चालली की नाही ते करंटवरून कळावं. घरी ॲप वापरून बघणारे शेतकरी काका, मी आणि नोंदी घेणारी सहकारी. दोन्हीकडची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवलेली, फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू. विहिरीत कुणी उतरणार नाही आणि वायरमन पेटीपासून हलणार नाही, हे आधीच ठरवून घेतलं होतं.

काम सांगताना स्क्रीनवरचे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. ‘सुरू बटण दाबा’ म्हटलं की माणूस ते बटण शोधतो, आणि चाचणी नुसत्या वाचनाची होते. म्हणून सांगितलं ते एवढंच: “लाईट आलीय. खालच्या उसाला पाणी सोडायचंय. घरूनच सोडा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.” त्यानंतर आपण गप्प बसायचं. त्यांनी काही विचारलं तर “तुम्हाला काय वाटतं, काका?” एवढंच. हे गप्प बसणं नवख्या माणसाला सगळ्यात जड जातं.

काकांनी ‘सुरू’ दाबलं. गोल चकती क्षणभर फिरली आणि थांबली. बटण होतं तसंच, त्यावर ‘सुरू’ हीच अक्षरं. “लागलं नाही वाटतं,” म्हणत नवव्या सेकंदाला त्यांनी पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने स्क्रीन हिरवा झाला: ‘मोटर चालू’. काकांनी फोन खाली ठेवला, दार उघडून ओसरीवर आले आणि कान देऊन उभे राहिले. मग पुतण्याला हाक मारली, “बाळा, पाणी पडतंय का बघ रे.” पुतण्या बॅटरी घेऊन घरामागच्या हौदाशी गेला. “नाही पडत, काका.”

पुढचं जास्त महत्त्वाचं. हिरव्या स्क्रीनवर आता ‘बंद’ हे बटण होतं. दुसरं काही दिसेना, म्हणून काकांनी तेच दाबलं. स्क्रीन करडा झाला: ‘मोटर बंद’. आणि हौदात पाणी पडायला लागलं. “हां, आता ठीक,” म्हणून त्यांनी फोन चार्जिंगला लावला. क्लॅम्प मीटरवर साडेसात अँपिअरच्या आसपास करंट होता, म्हणजे मोटर लोडवर व्यवस्थित चालली होती. आणि फोन सांगत होता की ती बंद आहे.

काकांचं काम झालं. ऑफिसातल्या तक्त्यात याची नोंद ‘काम पूर्ण’ अशीच पडली असती. पण सकाळी विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह साफ करायला किंवा पेटीतली वायर आवळायला घरातलं दुसरं कुणी गेलं आणि त्याने हा स्क्रीन बघून मोटर बंद आहे असं धरलं, तर जीव जाईल. अडचणींना गंभीरतेचा अंक देताना आम्ही शून्य ते चार अशी पट्टी वापरतो. याला चार दिला आणि बाकी सगळं काम थांबवून आधी हे दुरुस्त करा म्हणून कळवलं.

पेटीतली नोंद आणि स्क्रीन रेकॉर्डिंग शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कारण कळलं. यंत्राची जुनी आवृत्ती मिस्ड कॉलवर चालायची: एक मिस्ड कॉल, मोटर सुरू, आणखी एक, बंद. नवीन ॲप आलं तरी आतला निरोप तोच राहिला होता, ‘आहे त्याच्या उलट कर’. काकांच्या पहिल्या दाबाचा निरोप रेंज कमी असल्यामुळे वीसेक सेकंदांनी पोचला. मोटर सुरू झाली. पाठोपाठ दुसरा पोचला. मोटर बंद झाली. दोन्ही वेळा पेटीने ‘निरोप मिळाला’ असं कळवलं आणि ॲपने त्याचा अर्थ ‘मोटर चालू’ असा लावला. मग ‘बंद’ दाबल्यावरही तोच उलटा निरोप गेला आणि बंद मोटर सुरू झाली. मोटरमधून करंट जातो का, हे पेटीला कळत होतं, कारण ओव्हरलोडसाठी आत सीटी, म्हणजे करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, बसवलेला होता. ते माप स्क्रीनपर्यंत आणलंच नव्हतं.

लोक दोनदा दाबतात यात त्यांचं काहीही चुकत नाही. दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या हिश्शात काही हललं तर आपण केलं म्हणून झालं असं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं, आणि काहीच झालं नसेल तर हात पुन्हा बटणाकडे जातो. रेंज कमी असलेल्या शिवारात वीस सेकंद लागणारच. तेवढा वेळ स्क्रीनने काय सांगायचं, हे ठरवलेलं नव्हतं.

दुरुस्ती चार ठिकाणी सुचवली. एक, उलटापालटीचा निरोप काढून टाकायचा. ‘सुरू कर’ आणि ‘बंद कर’ हे दोन वेगळे निरोप, दोन वेगळी बटणं. चालू मोटरला ‘सुरू कर’ दहा वेळा सांगितलं तरी ती चालूच राहिली पाहिजे. दोन, बटण दाबताच ते दाबल्याचं दिसावं आणि खाली ओळ यावी: ‘निरोप गेला. पेटीच्या उत्तराची वाट बघतोय, ८ सेकंद’. हा आकडा पुढे सरकताना दिसला की माणूस थांबतो. तीन, ‘चालू’ हा शब्द फक्त सीटीच्या मापावरून यावा आणि शेजारी वेळ असावी: ‘चालू. २ मिनिटांपूर्वी मोजलं’. पाच मिनिटांत पेटीकडून काही कळलं नाही, तर हिरवा रंग काढून ‘आत्ता कळत नाही’ असं लिहावं. या शब्दांना बनवणाऱ्यांचा बराच विरोध झाला, यंत्र कमकुवत वाटेल म्हणून. पण माहीत नसताना चालू किंवा बंद सांगणारं यंत्र विहिरीवर नसलेलं बरं.

चौथी दुरुस्ती निरोपाच्या वयाची. डेटा मिळाला नाही तर ॲप एसएमएस पाठवत होतं. एसएमएस वाटेत थांबतो आणि टॉवर परत आला की तासाभरानेही पोचतो. रात्री अकराला दिलेला ‘सुरू कर’ पहाटे पोचला आणि तेव्हा कुणी पेटी उघडून बसलं असेल, तर? म्हणून प्रत्येक निरोपात वेळ घालायची, आणि दोन मिनिटांपेक्षा जुना निरोप पेटीने नाकारून तसं कळवायचं.

‘मोटर चालू’ म्हणजे ‘पाणी चालू’ नव्हे, हेही याच रात्री स्पष्ट झालं. काकांचा प्रश्न पाण्याचा होता. विहीर उपसली की मोटर कोरडी फिरते, लोड उतरतो, करंट नेहमीपेक्षा बराच खाली येतो. त्यावरून ड्राय रन ओळखता येतो, पण गावाकडे व्होल्टेज खालीवर होतं आणि त्याबरोबर करंटही बदलतो, त्यामुळे एकच ठरीव मर्यादा लावली की यंत्र विनाकारण मोटर बंद पाडतं. पाइप फुटून पाणी बांधावर जात असेल तर करंटवरून ते समजेलच असं नाही. पाणी पडतंय हे खात्रीने सांगायचं तर डिलिव्हरी पाइपवर फ्लो स्विच लागतो. तो नसेल तर स्क्रीनने ‘मोटर चालू, लोड ठीक’ एवढंच म्हणावं. ॲपवर नळातून पडणाऱ्या पाण्याचं हलतं चित्र होतं. ते काढायला लावलं.

एसएमएसचा मजकूर हा वेगळाच घोळ. पेटीकडून येणारा निरोप असा होता: ‘प्रिय ग्राहक, आपल्या मोटरसाठी सुरू करण्याची आज्ञा यशस्वीरीत्या पाठवण्यात आली आहे. धन्यवाद.’ देवनागरी एसएमएसमध्ये एका भागात ७० खुणा मावतात, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा हे सगळं एकेक मोजलं जातं. हा मजकूर ९० खुणांचा. म्हणजे दोन तुकडे, आणि एक तुकडा अडकला तर साध्या फोनवर अर्धवट वाक्य किंवा काहीच नाही. शिवाय एवढं वाचूनही मोटर चालली का, ते कळत नाही. त्याजागी ‘मोटर चालू. ३ फेज. ७.४ अँ. रात्री ११:४२’ असं लिहिलं. ३८ खुणा, आणि हवी ती गोष्ट पहिल्या दोन शब्दांत.

कॉल करून वापरणाऱ्यांसाठी आवाजाची यादी होती: ‘एक दाबा मोटर सुरू करण्यासाठी, दोन दाबा…’ ऐकणारा आकडा ऐकतो, मग काम, आणि काम कळेपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला असतो. ‘मोटर सुरू करायची असेल तर एक दाबा’ हा क्रम हवा. आणि यादी सुरू होण्याआधी मोटरची आत्ताची स्थिती सांगायची, कारण बरेच जण फक्त तेवढं विचारायलाच फोन करतात.

टायमरवर मात्र बरीच चर्चा झाली. ॲपमध्ये सुरू होण्याची आणि बंद होण्याची वेळ भरायची सोय होती. शेतकरी तसा हिशेब करत नाही. त्याला ‘उसाला चार तास’ द्यायचे असतात. मध्ये तासभर लाईट गेली तर तो तास धरायचा नसतो. म्हणून टायमरने मोटर प्रत्यक्ष चालल्याचा वेळ मोजावा आणि ‘४ तासांपैकी २ तास १० मिनिटं झाली’ असं दाखवावं. दुसरी अडचण मध्यरात्रीची: मंगळवारी रात्री झोपताना पहाटे दोनची वेळ लावली तर माणसाच्या मनात ती मंगळवारची रात्र असते, ॲपच्या लेखी बुधवार. वारांच्या चौकोनांऐवजी ‘आज रात्री’ आणि ‘उद्या रात्री’ ठेवलं की हा गोंधळ उरत नाही.

लाईट परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचाही प्रश्न आहेच. डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या तर डीपीवर ताण येतो. महावितरणही शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं सांगत असते. म्हणून प्रत्येक पेटीने वेगवेगळ्या अंतराने सुरू व्हावं, आणि ते थांबणं फोनवर व पेटीवर दोन्हीकडे दिसावं: ‘लाईट आली. ९० सेकंदांनी सुरू’. पेटीजवळ असणाऱ्याला ऐकू जाईल असा बझरही हवा.

बारीकसारीक पुष्कळ सापडलं, ते झटपट दुरुस्त होणारं होतं. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा बटणं निदान सेंटीमीटरभर आणि एकमेकांपासून लांब. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात होते. पेटीवर तीन फेजचे लाल, पिवळा, निळा असे दिवे असतात. तिथे लाल पेटलेला असणं चांगलं, आणि ॲपमध्ये लाल म्हणजे बिघाड. म्हणून ॲपमध्ये रंगाबरोबर शब्द घातले.

बदललेला आराखडा पुन्हा तपासताना यंत्रात काही न बदलता फक्त स्क्रीनचा नमुना केला आणि पेटीचं काम पडद्याआड बसलेल्या सहकारीने केलं. कधी वीस सेकंदांनी उत्तर, कधी उत्तरच नाही, कधी ‘एक फेज गेला’. काकांच्या घरच्यांसह इतरांनीही तो वापरला. सेकंदांचा आकडा दिसत असताना दुसऱ्यांदा दाबणं जवळजवळ थांबलं. उत्तर न आल्यावर ‘आत्ता कळत नाही’ वाचून लोक काय करतात, हे मुख्य बघायचं होतं. काहींनी पुन्हा विचारलं, काहींनी कुणाला तरी हौदावर पाठवलं. दोन्ही योग्यच.

एक गोष्ट मात्र स्क्रीनवर सुटणारी नव्हती, ती पेटीतच करून घेतली. पेटीवर ‘हाताने – बंद – मोबाईल’ असा फिरवायचा साधा स्विच. तो ‘बंद’वर असताना कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठाच तुटतो, त्यामुळे फोन, टायमर, लाईट येणं, कशानेही मोटर उठत नाही. पेटीजवळचा माणूस आधी हा स्विच फिरवतो, मग मेन काढतो, आणि मगच हात घालतो. फोनवर तेव्हा ‘पेटीवर बंद केलं आहे’ असं दिसतं आणि ‘सुरू’ बटण दाबताच येत नाही. विहीर सामाईक असेल आणि पाळीने दोन घरं तीच मोटर चालवत असतील, तर त्या ओळीत शेवटचा निरोप कुणाच्या नंबरवरून आला होता तेही लिहून येतं.