आई एवढंसं खाते, मग शुगर का वाढली?

गेल्या श्रावणात आईचे रिपोर्ट आले आणि आमच्या घरात सगळेच गप्प झाले. आई 72 ची, उंची पाच फुटाच्या आसपास, वजन 49 किलो. लांबून बघितली तर कुणीही म्हणेल की बाई काटक आहे, हिला काय होणारे. आणि रिपोर्ट काय, तर उपाशीपोटी शुगर 118, तीन महिन्यांची सरासरी 6.3, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 212, चांगलं कोलेस्टेरॉल 38, बीपीची गोळी तर सहा वर्षं चालूच आहे. डॉक्टरांनी टेप मागवून कंबर मोजली, 84 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या वर गेलं की जास्त धरतात (पुरुषांसाठी 90). कंबर, शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्टेरॉल या पाच गोष्टींपैकी तीन बिघडल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम (डायबेटीस आणि हृदयविकाराकडे नेणारा बिघाड) म्हणतात, आईच्या पाचही बिघडलेल्या होत्या.

आई एवढंच म्हणाली, "अगं मी खाते तरी काय, चिमणीएवढं."

आणि ते खरंच आहे. ती कमीच खाते. तेलकट नको, तिखट नको, जड नको, वय झालं आता हलकंच बरं असं तिचं कितीतरी वर्षं चाललंय आणि आम्हीही सगळे तेच म्हणत आलोय. मी आठवडाभर सुट्टी काढून सांगलीला गेले आणि पोरांच्या जुन्या वहीत ती दिवसभरात काय काय तोंडात घालते ते सगळं लिहून काढलं. बुधवारचं पान असं आहे: सकाळी सहाला साखरेचा चहा, दोन टोस्ट. साडेआठला परत चहा आणि खारी. साडेबाराला गुरगुट्या भात, पातळ वरण, लिंबू. चारला चहा आणि चार बिस्किटं. सातला मालिका बघताना मूठभर बारीक शेव. रात्री मुगाची खिचडी, कधी दूध-पोळी. गुरुवारी उपास, म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री भगर, बटाट्याची भाजी. त्यात महिन्याला दोन एकादश्या आणि चतुर्थी.

ते पान मी दोनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या दिवसात दाताने चावावं असं काहीच नाहीये. टोस्ट चहात बुडवलेला, खारी बुडवलेली, भात गुरगुट्या, पोळी दुधात. भाजी नावाला दोन चमचे, उसळ नाही, काकडी-कांदा नाही, फळ म्हणजे केळं. सगळा मैदा, साखर, पांढरा भात आणि साबुदाणा (साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात ना प्रोटीन ना फायबर). प्रोटीनचा हिशोब केला तर दिवसाला कसंबसं 30 ग्रॅम भरत होतं. या वयात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम तरी हवं असं आता म्हणतात, म्हणजे तिला 49-50 पाहिजे. आपण ज्याला हलकं खाणं म्हणतो ना, ते पोटाला हलकं असेल पण शरीराच्या आतल्या कारभाराला अजिबात हलकं नाहीये. मला हे खूप उशिरा कळलं, आणि तुमच्या घरात कळायला एवढा उशीर होऊ नये म्हणून लिहितेय.

डॉक्टरांनी मला एक शब्द सांगितला, इन्फ्लमेशन. सूज म्हणा किंवा दाह म्हणा. पायाला काटा लागला की लाल होतं, ठणकतं, सुजतं, ती शरीराची लढाई असते आणि चार दिवसांत संपते. पण दुसरी एक सूज असते जी दिसत नाही, दुखत नाही आणि संपतही नाही, चुलीतल्या राखेखाली विस्तव धुमसत राहतो तशी. पोटाच्या आत, लिव्हरच्या आणि आतड्यांच्या आजूबाजूला जी चरबी साठते ती नुसती पडून नसते. तिथल्या पेशी फुगल्या की रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि त्यातून अशी काही रसायनं रक्तात जातात की रक्तातली साखर आवरायचा इन्शुलिनचा निरोप स्नायूंपर्यंत आणि लिव्हरपर्यंत नीट पोचत नाही. 1993 साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत यातलं टीएनएफ अल्फा नावाचं रसायन सापडलं, ते निष्प्रभ केलं तर इन्शुलिन परत बरं काम करायला लागलं, आणि तिथून शुगर आणि सूज यांचं नातं लोकांना गंभीरपणे घ्यावं लागलं. 2000 साली इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्कींनी वयाबरोबर वाढत जाणाऱ्या या मंद सुजेला इन्फ्लमेजिंग असं नावच दिलं. म्हणजे म्हातारपणी हा विस्तव तसाही थोडा पेटलेला असतोच, आणि त्यावर आपण दिवसातून तीन वेळा मैदा आणि साखर घालत बसतो.

मग बारीक माणसाला पोटाची चरबी कुठून, हा माझा प्रश्न होता. याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिननी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात स्वतःचाच, दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! आपली भारतीय शरीरं अशीच आहेत, हातपाय बारीक आणि चरबी आत लपलेली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीतही तेच दिसतं, बीएमआयने बघितलं तर लठ्ठ 28.6 टक्के आणि पोटाच्या मापाने बघितलं तर 39.5 टक्के. त्याच पाहणीत देशात 10.1 कोटी लोकांना डायबेटीस आणि 13.6 कोटी काठावर असा अंदाज दिलाय. आईचं नाव त्या काठावरच्या रांगेत. वजनकाट्यावर विसंबून आम्ही इतकी वर्षं निर्धास्त राहिलो.

त्यात वय वाढलं की स्नायू झिजतात. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू, तीच जागा आकसली तर साखर जाणार कुठे? आईच्या मांड्या बघितल्या तर साडी नेसताना सुद्धा कळतं किती उतरल्यात. वजन 49 च राहिलं पण त्यातला स्नायू कमी झाला आणि चरबी वाढली, काटा मात्र तोच आकडा दाखवत राहिला.

मी सीआरपी करूया म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले होते, सुजेची रक्ततपासणी असते ती. ते म्हणाले, "करा हवं तर, पण तुमच्या आईंचे गुडघे सुजलेत, हिरड्याही सुजल्यात, आकडा त्यानेही वर जाईल. कंबर आणि ट्रायग्लिसराइड मला जास्त सांगतात." मला ते पटलं. आणि हिरड्यांचं ते बोलले ते डोक्यात राहिलं. कारण मुळात आईने भाकरी सोडली ती दातांमुळे! खालच्या दाढा गेल्या, कवळी केली ती टोचायला लागली म्हणून डबीत ठेवून दिली, मग भाकरी चावेना, मग मटकी चावेना, मग हळूहळू टोस्ट. पाच वर्षांत ताट कसं बदलत गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही प्रेमानेच बेकरीतून पुडे आणून देत होतो, दादा तर दर शनिवारी ताजी खारी आणायचा. सुजलेल्या हिरड्यांनी शुगर बिघडते आणि बिघडलेल्या शुगरने हिरड्या, हे चक्र तर वेगळंच.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या लोकांनी खाण्याला सुजेच्या हिशोबाने गुण द्यायची एक पद्धत केलीय, 2014 ची सुधारित यादी आहे, 45 गोष्टी आहेत त्यात. सूज कमी करणाऱ्या बाजूला फायबर, ओमेगा-3, आणि आपली हळद, आलं, लसूणसुद्धा. वाढवणाऱ्या बाजूला ट्रान्स फॅट, सॅच्युरेटेड फॅट वगैरे. हळदीचं नाव बघून लोक लगेच फॉरवर्ड पाठवतात, हळदीचं दूध घ्या म्हणून. अहो, हळदीतलं कामाचं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, ते असतं तीनेक टक्के, आणि तेही अंगात नीट शोषलं जात नाही. भाजीत हळद असू दे, चांगलीच आहे, पण सकाळी दोन टोस्ट आणि रात्री हळदीचं दूध याने काही भरून येत नाही. खारीत पूर्वी वनस्पती तुपामुळे ट्रान्स फॅट भरपूर असायचं, जानेवारी 2022 पासून तेला-तुपात 2 टक्क्यांची मर्यादा आली ते फार चांगलं झालं, पण मैदा तर मैदाच राहिला ना.

आता आम्ही काय केलं. वहिनी आणि मी बसून एकच ठरवलं, आईला न आवडणारं काही करायचं नाही, ओट्स-किनोआ वगैरे घरात आणायचं नाही, तिच्या माहेरचं जे होतं तेच मऊ करून द्यायचं. हुलग्याचं माडगं! लहानपणी सर्दी झाली की मिळायचं ते. हुलगे भाजून दळलेलं पीठ, लसूण-जिऱ्याची फोडणी, थोडा गूळ असतो तो वगळला, आणि वाडगाभर गरम गरम. पहिल्या दिवशी आईने वाडगा दोन्ही हातात धरला, वास घेतला आणि म्हणाली, "माझी आई याच्यात सुंठ घालायची." दुसऱ्या दिवसापासून सुंठ घालतो.

सकाळचा टोस्ट गेला, तिथे माडगं किंवा मुगाचं धिरडं. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, पण गरम आमटीत कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवलेली, म्हणजे हिरडीने सुद्धा खाता येते. सोबत मेथी नाहीतर शेपू बारीक चिरून मुगाच्या डाळीत शिजवलेला, आणि एक चमचा जवसाची चटणी ताकात कालवून (जवसात ओमेगा-3 असतं, पण अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, कुटलेलंच पाहिजे). भाकरीनेही शुगर वाढते हं, तोही स्टार्चच आहे, म्हणून अर्धी, आणि आमटी जास्त. चहा दोनदा, साखर अर्धा चमचा, यावर मात्र बरंच रुसणं झालं. गुरुवारचा उपास तिने सोडला नाही आणि मी सोड म्हणणारही नाही, तिची श्रद्धा आहे. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही. दुपारी जेवून लगेच आडवं व्हायची सवय होती, आता अंगणात वहिनीबरोबर दहा मिनिटं फेऱ्या, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं पाच वेळा. गुडघे दुखले की तीन वेळा.

डॉक्टरांना विचारून केलं सगळं. किडनीचा त्रास असेल तर डाळी-उसळी अशा वाढवता येत नाहीत, आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना खाणं एकदम बदललं तर शुगर खाली जाऊ शकते, त्यामुळे कृपया तुम्हीही विचारूनच करा.

चार महिन्यांनी रिपोर्ट केले. ट्रायग्लिसराइड 164, उपाशीपोटी शुगर 107, सरासरी 6.0, कंबर 82. वजन 49 च. चांगलं कोलेस्टेरॉल 40, ते काही फारसं हललं नाही. बीपीची गोळी तशीच चालू आहे. फार मोठा फरक नाही, पण आईला जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलं.

कवळीचं राहिलंच होतं. परवा फोनवर तीच म्हणाली, "दाढा बसव गं नवीन, मटकीची उसळ अशी मिक्सरमधून काढून किती दिवस खाऊ." मंगळवारची वेळ घेतलीय, दादा घेऊन जाणारे.