तुम्ही विचारलंत म्हणून : खिशात कुठला चाकू ठेवावा?

हा प्रश्न बहुतेक वेळा एखाद्या खोक्यासमोर सुरू होतो. चिकटपट्टी निघत नसते, कुणी किल्लीनं खरवडत असतं, कुणी दातांपर्यंत पोचलेलं असतं. मी खिशातला चाकू काढते, नखानं पातं उघडते, पट्टी कापते आणि चाकू मिटून परत ठेवते. दोन-चार दिवसांनी त्याच माणसाचा फोन येतो, ‘‘मलाही असा जुन्या पद्धतीचा घडीचा चाकू रोज जवळ ठेवायचाय. कुठला घेऊ?’’ इतक्या जणांनी विचारलंय, की आता एकदा बसून नीटच लिहिते.

माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं. इतक्यात काही घेऊ नका. कागदाचा एक तुकडा खिशात ठेवा आणि आठवडाभर, ‘आत्ता चाकू हवा होता’ असं ज्या ज्या वेळी वाटेल त्या त्या वेळी काय कापायचं होतं ते लिहा. मी वह्या-पुस्तकं हातानं शिवते, त्यामुळे माझ्या यादीत दोरा सगळ्यात वर होता. त्याखाली पार्सलची पट्टी, न फाटणारी औषधाची पुडी, नव्या कपड्याचं लेबल, पेन्सिलीचं टोक, सुतळी, पुठ्ठा, एकदा एक सफरचंद. पाच सेंटिमीटरहून लांब पातं लागेल असं एकही काम सात दिवसांत निघालं नाही. पुठ्ठासुद्धा टोकाजवळच्या दोन सेंटिमीटर धारेनंच कापला जातो. बाकीचं पातं नुसतं सोबत चालत असतं.

चाकू निवडताना आपल्या डोळ्यांसमोर आपला रोजचा दिवस नसतो. कधीतरी जाऊ अशी डोंगरातली सहल असते. त्या सहलीसाठी घेतलेला जाडजूड चाकू दोन आठवडे खिसा ओढत राहतो आणि मग टेबलाच्या खणात जाऊन पडतो. म्हणून माझं ठाम मत असं, की रोजच्या चाकूचं पातं पाच ते सात सेंटिमीटरचं असावं आणि मिटलेला चाकू मुठीत पूर्ण झाकला जावा. चारचौघांत काढला तरी समोरचा दचकत नाही, हाही त्याचा मोठा गुण आहे.

आता ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण निवडीचं मर्म तिथंच आहे. यातला मुख्य प्रकार म्हणजे स्लिपजॉइंट. त्यात पात्याला कुलूप, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी कळ, नसतं. मुठीच्या पाठीत एक लांब पोलादी स्प्रिंग बसवलेली असते. पात्याचं बूड, म्हणजे मुठीच्या आत राहणारा भाग, चौकोनी घडवलेलं असतं. पातं पूर्ण उघडलं, की स्प्रिंगचं टोक बुडाच्या एका सपाट बाजूवर चपखल बसतं. मिटलं, की दुसऱ्या बाजूवर. मधल्या वाटेत बुडाचा कोपरा स्प्रिंगला उचलून धरतो आणि कोपरा ओलांडला, की स्प्रिंग पात्याला स्वतःहून जागेवर ओढून घेते. तो ‘टक्’ आवाज तिचाच. चांगल्या चाकूचा हा आवाज कोरडा आणि एकदाच येतो. काही चाकूंमध्ये पातं काटकोनात आलं, की आणखी एक थांबा असतो. मिटताना तिथं क्षणभर थांबून बोटं बाजूला घेता येतात, म्हणून पहिल्यांदाच चाकू घेणाऱ्याला मी तसाच घ्यायला सांगते.

कुलूप नसणं मी फार महागात शिकले. एका दुपारी जाड पुठ्ठ्याला भोक पाडायचं होतं. टोचा हाताशी होता, पण चाकू उघडाच होता म्हणून त्याचंच टोक खुपसलं आणि वरून जोर दिला. टोक पुठ्ठ्यात रुतलं, माझा हात पुढे झुकला आणि पातं तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर मिटलं. तीन टाके पडले. ती खूण आजही थंडीत ठणकते. चाकूनं तेव्हा काहीच वावगं केलं नव्हतं. धारेकडून कापताना येणारा जोर पात्याला उघडंच ठेवतो. पाठीवर किंवा टोकावर जोर आला, तर पात्याला अडवायला फक्त स्प्रिंग असते आणि तिची ताकद आपल्या हाताच्या जोरापुढे काहीच नाही. तेव्हापासून खुपसणं बंद, उचकटणं बंद, पाठीवर अंगठा दाबून पिळणं बंद.

‘‘मग कुलूपवालाच का घेऊ नये?’’ हा पुढचा प्रश्न. घ्या की, काम तसं असेल तर. पण यादीतल्या कामांना कुलूप लागत नाही, आणि कुलूप नसलेलं पातं हाताला सरळ, हलकं कापायला शिकवतं. शिवाय कायद्याची बाजू आहे. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, तीन इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटर धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू काही कारण न देता जवळ ठेवता येतो. पातं उघडं राहून अडकणारं असेल तर ती सवलत मिळत नाही. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी वाचा. विमानानं जाणार असाल तर चाकू हातातल्या सामानात ठेवू नका. चेकइनच्या बॅगेत ठेवायचं विसरल्यामुळे आवडता चाकू तपासणीच्या टेबलावर सोडून आलेली माणसं मला माहीत आहेत.

स्लिपजॉइंटखेरीज आणखी दोन जुनी घराणी आहेत. एकात स्प्रिंगही नसते, नुसत्या घर्षणावर पातं थांबतं. जपानमधल्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा त्यातला. मूठ म्हणजे दुमडलेला एकच पत्रा, आणि पात्याच्या बुडाला मागे आलेली एक शेपटी. उघडल्यावर ती शेपटी अंगठ्याखाली धरून ठेवायची, तोच त्याचा अडसर. पेन्सिलीला टोक काढायला याच्याइतका गोड चाकू मी वापरलेला नाही. दुसरं घराणं फ्रान्समधल्या साव्हुआचं. तिथं जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बीच लाकडाच्या मुठीचा साधा चाकू घडवला, आणि १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्याच्या गळ्याशी फिरणारी धातूची कडी बसवली. कडी फिरवली, की पातं अडकतं. ही कडी सहा नंबरापासून पुढच्या आकारांना असते. बहुतेक लोक आठ नंबर घेतात, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. खिशासाठी मला सहाच बरा वाटतो. याची एक खोड ठाऊक असू द्या. ओल लागली, की लाकूड फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं. अशा वेळी नखानं ओढत बसायचं नाही. कडी मोकळी करून मुठीचा मागचा कोपरा टेबलावर हलकेच आपटायचा, पातं थोडं बाहेर येतं. साव्हुआची माणसं पूर्वापार हेच करत आली आहेत.

विकत घेताना मी काय बघते? आधी पातं मिटलेलं असताना आणि मग उघडून, दोन्ही वेळा पाठीवरून बोट फिरवते. स्प्रिंग मुठीच्या पट्ट्यांशी एकसारखी लागली पाहिजे, बोटाला पायरी जाणवता कामा नये. मग चाकू उजेडापुढे धरते. स्प्रिंग आणि मुठीच्या आतली पितळी पट्टी यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर तिथं उद्या पाणी आणि कचरा शिरणार. उघडं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून बघते. ते हललं तर नको. त्यानंतर कागदाची परीक्षा. पातळ कागदाची चिंधी मुठीच्या खाचेत, स्प्रिंगवर आडवी ठेवायची, पातं मिटायचं, वरून जरा दाबायचं आणि उघडायचं. कागद कापला गेला, तर मिटताना धार स्प्रिंगवर आपटते आहे. असा चाकू कितीही धार लावा, पोटाशी एका ठिकाणी बोथटच होत राहतो. ही परीक्षा करू न देणाऱ्याकडून मी चाकू घेत नाही.

आणि नख. उघडायचा जोर किती लागतो, ते स्वतःच्या नखानं बघा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. माझी नखं शिवणकामामुळे आखूड असतात. सुरुवातीला मी एक फार कडक स्प्रिंगचा चाकू घेतला, कारण ‘कडक म्हणजे मजबूत’ असं कुणीतरी सांगितलं होतं. दोनदा नख मुळापासून तुटल्यावर तो कपाटात गेला. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे किंवा सांधे दुखतात, त्यांनी मुठीला अर्धगोल खाच असलेला चाकू शोधावा. तिथून पातं चिमटीत धरता येतं, नखाची गरजच पडत नाही.

पात्याच्या आकाराबद्दल एवढंच सांगते, की रोजच्या कामाला सरळ धार पुरते. शीपफूट नावाच्या पात्याला टोकदार अणी नसते, पाठ वळून धारेला येऊन मिळते. त्याची सरळ धार कागदावर, दोऱ्यावर, लेबलावर पूर्ण टेकते. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा लॅम्बफूट याच नात्यातला, जरा निमुळता. स्टॉकमन नावाच्या अमेरिकन चाकूत तीन पाती येतात, त्यातलं एक शीपफूटच. तीन पाती ऐकायला छान वाटतं, पण खिशात जाडी वाढते आणि हात सगळी कामं एकाच पात्यानं करतो, असा माझा अनुभव आहे.

पोलादावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर प्रश्न एकच आहे : चाकू वापरल्यावर तुम्ही पुसता का? पुसत असाल तर कार्बन पोलाद घ्या. ते दगडावर पाच मिनिटांत धरेल अशी धार देतं. नसाल पुसत, तर स्टेनलेस घ्या, त्यात काही कमीपणा नाही. त्यात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं आणि पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होऊन गंज थोपवला जातो. कार्बन पोलादाचं रंग बदलणं मात्र गंज समजू नका. माझ्या लॅम्बफूटच्या पात्याला पहिल्याच फळानंतर निळसर झाक आली. आता ते सगळं राखाडी झालंय, टोकाजवळ जांभळट डाग आहे, लिंबाच्या आकाराचा आणि लिंबाचाच. हा राखाडी थर पोलादाला थोडंफार सांभाळतो. लाल-तांबूस, बोटाला लागणारा आणि खड्डे पाडणारा तो गंज. तो दिसला, की त्याच दिवशी तेल लावून घासून काढा.

मुठीचं फार मनावर घेऊ नका. लाकूड, हाड, शिंग, पितळ, जे हाताला बरं वाटेल ते. फक्त जुना चाकू घेणार असाल आणि मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची असेल, तर तो इतर चाकूंबरोबर बंद डब्यात ठेवू नका. सेल्युलॉइड कुजायला लागलं, की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचे चाकूसुद्धा गंजतात. मुठीच्या टोकाला चमकणारा ‘निकेल सिल्व्हर’ म्हणजे चांदी नव्हे. तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

सांभाळायचं काम थोडंच आहे. महिन्यातून एकदा काडीला कापूस गुंडाळून खाचेतली खिशाची धूळ काढायची, सांध्यावर मिनरल ऑइलचा एक थेंब सोडायचा, पातं दहा-बारा वेळा उघडमीट करून बाहेर आलेला काळा मळ पुसायचा. धार प्रत्येक बाजूनं वीसेक अंशांत, हलक्या हातानं. बोथट चाकू जास्त जोर मागतो, आणि कुलूप नसलेल्या चाकूला जोर देण्यानं काय होतं ते माझ्या तर्जनीवर लिहिलेलं आहे.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीनं तिची यादी पाठवली. एकोणीस ओळी होत्या, त्यातल्या बारा दोरा आणि लेबलं. खरं तर तिचा जीव शेफिल्डच्या शिंगाच्या मुठीवर जडला होता. मी तिला स्विस ऑफिसर्स नाइफच्या, म्हणजे सगळे ज्याला स्विस आर्मी नाइफ म्हणतात त्याच्या कुळातला ५८ मिलिमीटरचा छोटा चाकू घ्यायला सांगितला. १८९७ मध्ये नोंदवल्या गेलेल्या त्या मूळ चाकूपासून आजवर त्यांच्या छोट्या पात्यांत हीच स्लिपजॉइंटची जुनी रचना आहे, हे ऐकून तिला आश्चर्य वाटलं. त्यात इवलीशी कात्री असते, आणि दोऱ्याला कात्रीच बरी. शिंगाच्या मुठीचा ती नंतर कधीतरी घेईलच.

तुमचीही यादी झाली, की पाठवा. फक्त नखं आखूड ठेवता का आणि कामात हात ओले असतात का, एवढं खाली लिहायला विसरू नका.