एका कोअरवर पाच वाड्या: जीपॉन लाइनचा माझा अनुभव

कोकणात घरं रस्त्याच्या कडेने पांगलेली असतात. सिंधुदुर्गातल्या ज्या रस्त्यावर आम्ही घरोघरी इंटरनेट न्यायला फायबर टाकलं, तिथे गावातल्या ओएलटीपासून (सगळ्या घरांकडे प्रकाश सोडणारं आपल्या बाजूचं यंत्र) पहिली वाडी २ किलोमीटरवर, मग ३.५, ५, ७ आणि शेवटची ९ किलोमीटरवर. पहिल्या चार वाड्यांत सहा-आठ घरं, शेवटच्या वाडीत पंधराच्या आसपास. शहरात सोसायटीच्या जिन्याखाली १:३२ चा एक स्प्लिटर (प्रकाशाचे ३२ सारखे वाटे करणारा) बसवला की झालं. इथे तसं केलं तर त्या स्प्लिटरपासून प्रत्येक घराला वेगळी कोअर (केबलमधली काचेची एक तार) न्यावी लागते, आणि केबल परवडत होती फक्त ६ कोअरची. म्हणून एकाच कोअरवर वाटेत कपलर (प्रकाशाचे ठरलेल्या प्रमाणात दोन वाटे करणारे) लावत जायचं ठरवलं. बाकीच्या कोअर पुढच्या वाढीसाठी आणि एखादी तुटली तर बदलायला.

या कामात पोल, केबल, मशीन हे सगळं नंतरचं. आधी कागदावर पॉवरचा हिशेब बसला पाहिजे. जीपॉनमध्ये, म्हणजे एका फायबरवर अनेक घरं चालवायच्या पद्धतीत, खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून वर जाणारा १३१० चा, दोन्ही एकाच कोअरमधून. ओएलटीच्या पोर्टमधला बी प्लस वर्गाचा एसएफपी (प्रकाश सोडणारं मॉड्यूल) +१.५ ते +५ डीबीएम देतो (डीबीएम हे पॉवरचं माप, घट डीबीत मोजतात). ओएनयूला (घरातल्या फायबरच्या पेटीला) मायनस २७ पर्यंत दिसतं, आणि मायनस ८ पेक्षा जास्त आलं तर त्याचा रिसीव्हर ओव्हरलोड होतो. आमच्या पोर्टवर मीटरने +३ दाखवलं. प्रत्येक घरात मायनस २० ते २२ यावं असं धरलं. मायनस २६ वरही नेट चालतं, पण पहिल्या पावसाळ्यापर्यंतच: झाड पडून केबल तुटली की एक तुकडा आणि दोन जोड वाढतात, कुठे केबल मुरडते, कुठे कनेक्टरवर धूळ बसते, आणि हातचं काही उरत नाही.

फायबरचा लॉस १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरतात. १४९० वर तो कमी असतो, पण वरच्या दिशेलाही लाइन चालायची असल्याने हिशेब ०.३५ नेच केला. +३ मधून पॅचकॉर्ड आणि कनेक्टरचे ०.५ गेले, २ किलोमीटरचे ०.७ गेले, पहिल्या वाडीत +१.८ पोचले. तिथे १०/९० चा कपलर. त्याच्या १० टक्क्यांच्या आउटवर सुमारे १०.८ डीबी जातात, पुढे १:८ स्प्लिटरचे १०.५, घरापर्यंतची ड्रॉप केबल आणि कनेक्टरांचा १. घरात मायनस २०.५. ९० टक्क्यांचं आउट फक्त ०.७ खातं, दोन जोड धरून ०.९, म्हणजे पुढच्या रस्त्याला +०.९ निघतात. दुसऱ्या वाडीत पुन्हा १०/९०, घरात मायनस २१.९. तिसऱ्या वाडीत १५/८५, मायनस २१.३. चौथ्या वाडीत ३०/७०, मायनस २०.१. शेवटी कपलर नाही, थेट १:१६ चा स्प्लिटर, मायनस २०.४. एका पोर्टवर ४८ आउट झाले आणि पाचही वाड्या दोन डीबीच्या आत बसल्या.

सगळीकडे ५०/५० लावून बघा: पहिल्या वाडीत मायनस १३ येतं आणि शेवटच्या वाडीत मायनस ३०, म्हणजे ओएनयूवर लाल एलओएस, सिग्नलच नाही. तरीही बाजारात सहज मिळतो म्हणून ५०/५० लावणारे आहेत.

कपलर घेताना पाकिटावरच्या आकड्यावर आणि वायरच्या रंगावर जाऊ नका. कंपनीगणिक रंग बदलतो. लेसर सोर्स लावून दोन्ही आउट मोजायचे, त्यावर चिठ्ठी चिकटवायची, मगच स्प्लाइस करायचा (काच वितळवून जोडायचा). १०/९० चा उलटा जोडला गेला तर चूक ओळखायला सोपी असते: त्या वाडीत मायनस १० येतं आणि पुढच्या सगळ्या वाड्या दहा डीबीने खाली जातात. मीटर १४९० वर लावलाय ना, तेही बघायचं. ८५० वर राहिला तर आकडा साफ चुकीचा येतो.

स्प्लायसिंगमध्ये खरं काम क्लीव्हरचं, म्हणजे काच सरळ कापणाऱ्या अवजाराचं. आवरण काढून १२५ मायक्रॉनची काच उघडी केली की ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने एकदाच पुसायची, क्लीव्ह केल्यावर पुन्हा हात लावायचा नाही. कापाचा कोन १ अंशाच्या आत हवा. मशीनने दाखवलेला ०.०१ किंवा ०.०२ हा अंदाज असतो. खरा लॉस ओटीडीआरच (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर आणि लॉस दाखवणारं यंत्र) सांगतो. कोकणच्या दमट हवेत रोज काम सुरू करण्यापूर्वी मशीनच्या ठिणगीचं आर्क कॅलिब्रेशन करावं, नाहीतर जोड बुडबुड्यांचे येतात. ट्रेमध्ये कोअर गुंडाळताना ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्या नको. क्लोजर (जोड ठेवायचा बंद डबा) खालून केबल शिरेल असा बांधायचा, आणि प्रत्येक जोडाच्या पोलवर १० ते १५ मीटर केबल गुंडाळून ठेवायची, म्हणजे दुरुस्तीला क्लोजर खाली गाडीत आणता येतो. पोल वीज कंपनीचे असतील तर आधी लेखी परवानगी. हे टाळून टाकलेली केबल कधी कापली जाईल याचा नेम नसतो.

कपलर जोडण्यापूर्वीच ओटीडीआर टप्प्याटप्प्याने मारून घ्यावा. ओएलटीच्या बाजूने मारला तर स्प्लिटरच्या पलीकडे सगळ्या फांद्यांचे परावर्तन एकमेकांवर पडतात आणि आलेखातून काही कळत नाही. १३१० आणि १५५० दोन्हीवर मोजा. १५५० वर एखाद्या ठिकाणी लॉस बराच जास्त आणि १३१० वर जेमतेम, तर तिथे केबल मुरडली आहे. दोन्हीवर सारखाच, तर जोड खराब आहे. चालू लाइनवर मात्र फिल्टर असलेला १६२५ किंवा १६५० चाच.

घरात सर्वात जास्त पॉवर कनेक्टर खातो. हिरवा एससी एपीसी ८ अंश तिरका घासलेला असतो, निळा यूपीसी जवळपास सपाट. ते एकमेकांत बसतात, पण काचा नीट टेकत नाहीत आणि काही डीबी वाया जातात. घरात मायनस २१ ऐवजी मायनस २५ दिसलं की आधी रंग बघायचा, मग कनेक्टर पुसायचा, पोलवर चढायचं त्यानंतर. नोंदणीचं काम तुलनेने किरकोळ: ओएलटीवर ओएनयूचा सिरियल नंबर दिसतो, प्रोफाइल (वेग वगैरे सेटिंग) आणि व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा भाग) द्यायचं, राउटरमध्ये पीपीपीओई (नाव-पासवर्डचं लॉगिन), एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२.

एक बिघाड मात्र नवख्याला चक्रावून टाकतो. सगळ्या घरांत पॉवर बरोबर, तरी अख्खा पोर्ट वर-खाली होतो. जीपॉनमध्ये प्रत्येक ओएनयूने आपल्या वेळेलाच प्रकाश सोडायचा असतो. एखादा बिघडलेला ओएनयू सतत सोडत राहिला, किंवा कोणी पॉनच्या आउटवर जुना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं इथरनेटमध्ये रूपांतर करणारा डबा) जोडला, की बाकीच्यांचं बोलणं ओएलटीला ऐकू येत नाही. पॉवर मीटरने खालचा प्रकाश मोजून हे सापडत नाही. वाडीचा स्प्लिटर एक-एक करून सोडवायचा. ज्याने पोर्ट स्थिर होईल त्या वाडीत मग घर-घर.

आणि वीज. ओएलटी, स्विच, राउटर मिळून सुमारे १०० वॅट घेतात. १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन नव्या ट्युब्युलर बॅटऱ्यांवर ते साधारण २० तास निघतं, दोन वर्षांनी बरंच कमी. घरातली वीज गेली की ओएनयू बंद होता होता ओएलटीला ‘डाइंग गॅस्प’ हा संदेश पाठवतो. वादळी रात्री पंधरा घरं एकदम बंद दिसली तर आधी तेच बघायचं. गॅस्प आला असेल तर वीज गेलीय, शिडी काढायची गरज नाही. नुसता एलओएस असेल तर चौथ्या आणि पाचव्या वाडीमध्ये कुठेतरी केबल तुटलीय, आणि ती शोधायला शेवटच्या स्प्लिटरकडून ओटीडीआर मारायचा.