सहा मात्रांचं काय करायचं

तबला का नाही? नाशिकच्या कालिदास कलामंदिराच्या पायऱ्यांवर हेच, गंगापूर रोडवर चहा पिताना हेच, परवा तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता. माझा कार्यक्रम असा: बालकवींच्या ७ कविता, एक गायिका, पियानो, चेलो, मध्ये टाळ्यांना जागा नाही, सगळं मिळून २६ मिनिटं. एवढं ऐकून प्रश्न मात्र एकच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

तबल्याशी माझं वैर नाही. पहिल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत मी ‘या कवितेला ताल सोसत नाही’ असं लिहिलं होतं, ते साफ चूक. बालकवी तालातच चालतात. ‘औदुंबर’ची शेवटची ओळ मोजून बघा. ‘पाय टाकुनी’ ८ मात्रा, ‘जळात बसला’ ८, ‘असला औदुंबर’ १०. एकूण २६; बाकीच्या ओळीही २६-२७ मात्रांच्या. केरवा, ८ मात्रांच्या आवर्तनाचा ताल, आयता बसतो. पण केरव्याची चार आवर्तनं ३२ मात्रांची. म्हणजे या ओळीमागे ६ मात्रा उरतात. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर बरोबर ५ सेकंद.

त्या ५ सेकंदांवरच सगळं अडलं.

एका रंगीत तालमीला, लोक इतकं म्हणताहेत तर बघू या म्हणून, तबला घेतला. वादक तयारीचा, हात गोड. पहिल्या सहा ओळी छान गेल्या. खरं सांगायचं तर माझ्या पियानोपेक्षा छान. सातवीत पाण्यावर काळिमा पसरतो, तिथे त्यानं बायाँ, म्हणजे डग्गा, नुसता दाबून घुमवला, अंगावर काटा आला. मग शेवटची ओळ. या कवितेत ते झाड अगदी शेवटच्या शब्दात येतं, त्याआधी त्याचं नावही नाही. गायिकेनं ‘औदुंबर’ म्हटलं, ६ मात्रा रिकाम्या दिसल्या, आणि कुठलाही चांगला तबलजी करेल तेच त्यानं केलं: तिहाई, एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरणं. समेवर आला. खुर्च्यांवरच्या दहाबारा जणांनी ‘वा!’ म्हटलं, टाळ्या पडल्या. डोहात पाय सोडून बसलेलं झाड उठून निघून गेलं. चूक त्याची नव्हती. मी ताल दिला, त्यानं तो पूर्ण केला.

त्यात आणखी एक भानगड. तिसरं आवर्तन ‘असला’ या शब्दापासून सुरू होतं, म्हणजे सम त्याच्यावर. समेचा ठोका पडला की ‘असला कसला!’ असा वैतागल्यासारखा ऐकू येतो. म्हणून ‘बसला’चा ‘ला’ आम्ही पुढे ओढला आणि ‘असला’ ठोक्याच्या मागून, हळूच आणला. आता लांबवायचं काय? ‘र’ लांबवला तर ‘औदुंबरा’ होतं, झाडाला हाक मारल्यासारखं. ‘दुं’ लांबवला तर अनुस्वार तोंड मिटवतो, नुसता हुंकार उरतो. उरला ‘औ’. त्यातला ‘अ’ ४ मात्रा धरायचा, ‘उ’ अगदी शेवटी, आणि ‘बर’ बोलण्यात येतो तसा तोकडा. मग ६ मात्रा काही नाही. फक्त चेलोची खालची तार, तीही विरत जाणारी.

पियानोनं त्या जागी गंधार (ग) वाजवायचा नाही, हेही ठरलं. तानपुऱ्यावर वाढलेला गळा शुद्ध गंधार लावतो तो पियानोच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली, आणि लांब सुरात ते बोचतं. षड्ज-पंचम (सा-प) एवढंच ठेवलं.

‘हे पाश्चात्त्यांचं अनुकरण,’ असंही म्हणतात. गाण्यांच्या माळेची कल्पना तिकडचीच, नाकारत नाही. बेथोव्हननं १८१६ मध्ये ६ गाणी न थांबता एकात एक ओवली होती. पण त्याच्या कवितेला अशा ६ मात्रा उरत नव्हत्या.

तरी परवा घरी ‘फुलराणी’ला डग्गा लावून पाहिला. नुसता डग्गा, तोही बोटांनी. वाईट नाही वाटला. तो तबलजी आता विचारतोय, ‘औदुंबर’ला तिहाई न घेता वाजवतो म्हणालो तर? अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.