हात न पोचणारी जागा

शरीरात एक जागा अशी आहे, की तिथे खाज सुटली तरी पंचाईत आणि दुखलं तरी पंचाईत. मणका आणि फरा (खांद्यामागचं चपटं हाड) यांच्या मधली चार बोटं. खांद्यावरून हात टाकावा तर बोटं वरच अडतात, खालून मागे वळवावा तर खालीच राहतात. दिवसभर कीबोर्डपुढे बसून उठलं की रग लागते ती नेमकी तिथे.

पूर्वी मी घरच्यांना पाठ चेपायला सांगायचो. "इथे?" "जरा वर." "इथे?" "वर म्हटलं, डावीकडे नाही." गाठ सापडेपर्यंत चेपणाऱ्याचेच अंगठे भरून यायचे. शेवटी तोंडदेखलं दोनदा दाबून तो मोबाइल घेऊन मान खाली घालून बसायचा, म्हणजे स्वतःच्या पाठदुखीची तयारी करायला.

मग टेनिसचा एक जुना चेंडू हाती लागला. भिंतीला पाठ लावायची, मध्ये चेंडू, आणि गुडघे किंचित वाकवून वरखाली व्हायचं. पहिल्या दिवशी तो चारदा निसटला आणि दोनदा कपाटाखाली गेला. त्याला बाहेर काढायला ओणवं होताना पाठीचा जो व्यायाम झाला तो वेगळाच. त्यावर उपाय म्हणून चेंडू एका लांब मोज्यात घातला (जोडीदार हरवलेला मोजा प्रत्येक घरात असतोच) आणि मोज्याचं तोंड खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरलं. आता चेंडू हवा तिथे थांबतो. दुखरी जागा सापडली की घासत बसायचं नाही. अंगाचा भार हळूहळू टाकायचा, अर्धा मिनिट श्वास सोडत उभं राहायचं. कळ आधी वाढते, मग लोण्यात बोट रुतावं तशी गाठ सैल पडते. चेंडू मणक्याच्या हाडावर कधीच घ्यायचा नाही, बाजूच्या मांसावरच. आणि जोर बेताचा. "जितकं दुखेल तितकं बरं" या हिशेबाने मी एकदा पूर्ण वजन टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी पाठीवर निळा डाग उमटला.

मानेच्या बुंध्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या स्नायूला ट्रॅपेझियस म्हणतात. डावाउजवा मिळून आकार चौकोनी होतो, म्हणून भूमितीतलं नाव. त्याचा वरचा भाग खांदे उचलतो, खालचा भाग ते खाली ओढतो. आपलं दुखणं असं, की वरचा दिवसभर राबतो आणि खालचा बसून खातो. त्यात डोकं असतं साडेचार-पाच किलोचं. पिशवी छातीशी धरली तर जड वाटत नाही, तीच हात लांब करून धरा. पडद्याकडे पुढे गेलेलं डोकं मानेला असंच पेलावं लागतं.

फऱ्याची गंमत अशी, की धडाच्या सापळ्याशी त्याचा हाडाचा सांधा एकच, गळपट्टीच्या हाडाशी. बाकी तो स्नायूंच्या भरवशावर बरगड्यांवर सरकत असतो. पुढे वाकून बसलं की छातीचे स्नायू आखूड होतात, खांद्यांना पुढे ओढतात, आणि मागचे बिचारे ताणले जाऊन बोंब मारतात. आपण चोळतो पाठ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून चेंडूनंतर मी दाराच्या चौकटीत उभा राहतो. दोन्ही कोपर खांद्याच्या उंचीला चौकटीला टेकवायचे आणि एक पाऊल पुढे टाकायचं. छाती उघडते. तेवढ्यात कुणाला तरी त्याच दारातून जायचं असतं, तो भाग निराळा.

दुखणं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, हे जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरीणबाईंनी आयुष्यभर अभ्यासलं. 1961 मध्ये त्या केनेडींच्या डॉक्टर झाल्या. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या खासगी डॉक्टरपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. केनेडींची पाठ प्रसिद्धच होती, तिच्यासाठी बाईंनी त्यांना झुलती खुर्ची सुचवली होती. खांद्यातली गाठ कानामागे आणि कानशिलात ठणकू शकते, हे त्यांनी दाखवलं. त्या गाठींत नेमकं काय असतं यावर वैद्यकात अजून वाद आहे. माझ्या कानशिलाला तो माहीत नसावा, खांदा मोकळा झाला की तेही गप्प बसतं.

हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, तर मात्र चेंडू बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. छातीत दाब येऊन घाम फुटला तर लगेच.

एरवी मला सगळ्यात उपयोगी पडतो तो दहा सेकंदांचा प्रकार. श्वास घेत खांदे कानांपर्यंत उचलायचे, पाच अंक मोजायचे आणि ओझं टाकावं तसे सोडून द्यायचे. सोडल्यावर खांदे जिथे येतात ती त्यांची खरी जागा. ते तिथून किती वर होते हे कळून पहिल्यांदा मला लाजच वाटली. कुणी रागावलं नव्हतं, थंडी नव्हती, तरी मी कान झाकायला निघाल्यासारखा बसलेलो होतो.

चेंडूचा कार्यक्रम बघून लेक हसायची. "बाबा, अस्वल झाडाला पाठ घासतं तसा दिसतोस." मी ऐकून घ्यायचो. भिंतीवर माझ्या उंचीला एक मळकट गोल डाग पडला आहे. परवा त्याच्या वीतभर खाली दुसरा डाग दिसला. घरात माझ्यापेक्षा वीतभर बुटकं एकच माणूस आहे.